न बुडलेली बाई

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मधेच "आवाज येत नाहीये" म्हणून ठेवून देतेस. आवाज चांगला येत असतो, मला माहीत आहे. म्हणून हे पत्र. हे तरी तू अर्धवट ठेवणार नाहीस.

बातमी मोठी आहे, बसून वाच. आपल्या गावात सिनेमावाले आले होते त्याला यंदा चाळीस वर्षं होतात. ती कंपनी अजून चालते, आता मालकाचा मुलगा बघतो. त्यांनी तो सिनेमा धुऊन-पुसून लख्ख केलाय आणि पुन्हा सगळीकडे लावणार आहेत. आमच्या पर्यटन खात्यात यावर बैठक झाली तेव्हा मी हात वर केला आणि म्हटलं, ते गाव माझं आहे. आत्या, सगळ्यांनी वळून बघितलं! या ऑफिसात पाच वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे वळून बघितलं असेल.

तर ठरलंय असं की गावात त्या नायिकेचा पुतळा बसवायचा. माणसापेक्षा थोडा मोठा, समुद्राकडे तोंड करून उभी. खाली अक्षरं कोरायची: "इथे ती वाट पाहत राहिली." सिनेमात ती नवऱ्याची वाट बघून बघून शेवटी पाण्यात चालत जाते, ते आठवून माझ्या अंगावर अजून काटा येतो. जागा धक्क्याजवळच्या उताराची, म्हणजे तुम्ही बायका मासळी घेऊन बसता तीच, कारण तो शॉट तिथलाच आहे. तुमच्यासाठी बर्फाच्या कारखान्यामागे नवी शेड बांधतोय. नळ, पंखे, फरशी, सगळं. उन्हात बसायला नको, ओल्या दगडावर बसून कंबर धरायला नको.

आणि प्रमुख पाहुणी कोण? तू! शेवटच्या शॉटमध्ये नटीच्या जागी पाठमोरी तूच होतीस, हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर हात मारला. पुढच्या महिन्यात कॅमेरावाले तुझ्या आठवणी टिपायला येतील. छान छान सांग. शिव्या नको देऊस.

हे माझं पहिलं स्वतंत्र काम आहे, आत्या. सांभाळून घे.

तुझी,
बुटकी

२० जानेवारी

बुटके,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. फोनवर भांडण नीट होत नाही, समोरचा मधे मधे बोलतो. पत्रात कसं, माझं होईपर्यंत तुला गप्प बसावं लागतं.

छान छान आठवणी हव्यात ना? घे.

सिनेमावाले आले तेव्हा शाळेत उतरले. शाळा बंद, पोरं खूश. पहिल्या दिवशी निरोप आला की किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी उचला, नटीबाईंना वास सोसत नाही. उचलली. दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपी घातलेला तो दिग्दर्शक (त्याला आम्ही टोपीच म्हणायचो) किनाऱ्यावर उभा राहून म्हणतो, हे कोळ्यांचं गाव वाटतच नाही, मासळी कुठाय? पुन्हा पसरली. नटीबाई नाकाला रुमाल लावून बसल्या. मग टोपी म्हणतो कसा, मासळी राहू दे, पण वास नको. आता वासाला काय कान असतात, की जा म्हटलं की जाईल?

मग पुरुषांना सांगितलं, रिकाम्या होड्या घेऊन उदास चेहऱ्यांनी परत या. त्या दिवशी बांगडा असा लागला होता की होड्या काठापर्यंत बुडालेल्या. वरून जाळी टाकून मासळी झाकली, पण तोंडं कशी झाकणार? सगळे कानापर्यंत हसत परत आले. टोपी भोंग्यातून ओरडतोय, "रडा! रडा!" आणि तुझे आतोबा पुढच्या होडीत उभे राहून ओरडले, "रडतो, पण आधी मासळी उतरवू द्या, खराब होईल!"

आता बुडण्याचं. नटीबाई घोट्याएवढ्या पाण्यात किंचाळल्या, म्हणून मला पांढरा झगा घालून पाठवलं. पाण्यात चालत जा आणि बुड, बस्स. मी गेले. पण बुडू कशी? आमच्याकडे पोर आधी पोहतं आणि मग चालतं. डोकं खाली घातलं की पाय वर, पाय खाली घातले की डोकं वर. टोपी म्हणतो, ही बाई बुडतच नाही! जशी काही माझी चूक. शेवटी झग्याच्या आत जाळं बुडवायला लावतात ते शिसं बांधलं. गेले खाली. टोपीने सांगितलं होतं, "कट म्हणेपर्यंत वर यायचं नाही." मी सांगितलेलं काम करणारी बाई, श्वास धरून बसले. अगं, पाण्याखाली कट ऐकू येतं का कुणाला? वर ते कट कट करून घसा फोडतायत आणि मी खाली आज्ञाधारक बसलेय!

आतोबा धक्क्यावर जाळं शिवत बसले होते. अंगातल्या कपड्यांसकट उडी टाकली आणि मला केसांना धरून वर काढलं. टोपी नाचायला लागला, सगळं फुकट गेलं म्हणून. आतोबा एवढंच म्हणाले, "तुमची बाई बुडवा. ही माझी आहे." आणि मी वर त्यांनाच ओरडले, की एवढी छान बुडत होते, तुम्ही कशाला मधे कडमडलात! केस किती दुखत होते म्हणून सांगू. मग टोपीने हात टेकले. मला कमरेइतक्या पाण्यात पाठमोरं चालवलं, आणि पुढे नुसतं रिकामं पाणी दाखवलं. तुझ्या अंगावर काटा येतो तो त्या रिकाम्या पाण्याचा. मी तेव्हा बाजूला चहा पीत होते.

झाल्या आठवणी. आता शेडचं. बुटके, त्या उतारावर माझ्या मांडीवर तू वाढलीस. आई-बाप नोकरीसाठी दूर कारखान्याच्या गावी आणि तू माझ्याकडे. तुला दिसलं नाही कधी, बायका तिथेच का बसतात? होडी टेकते तिथेच सौदा होतो. खालच्या दगडावर बसलेल्या बाईला होड्या किनाऱ्याच्या वळणावर असतानाच कळतं, कोणती भरून येतेय. ती आधी हाक मारते, तिला आधी मिळतं. बर्फाच्या कारखान्यामागे बसलो तर काय दिसणार, बर्फ? तोवर दलाल धक्क्यावर उभे राहून सगळं उचलून नेतील आणि आमच्या वाटेला राहील त्यांनी टाकलेलं. पंख्याखाली बसून काय विकू, वारा?

पुतळा दुसरीकडे उभा कर. आशीर्वाद.

तुझी आत्या

३१ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही वाचून दाखवलं. कॅमेऱ्यापुढे हेच सांग. "रडतो पण आधी मासळी" हे तर सांगच.

शेडबद्दल तुझं म्हणणं साहेबांपुढे मांडलं. ते म्हणाले, सुरुवातीला सगळेच असं म्हणतात, सवय झाली की लोक आभार मानतात. दलालांना धक्क्यावर येऊ द्यायचं नाही असा नियमही करता येईल म्हणाले. तू काळजी करू नकोस.

मला कळतंय तुझा राग खरा कशावर आहे. चाळीस वर्षं सगळं श्रेय नटीला, तुझं कुठे नावही नाही. तुझ्या जागी मी असते तर मलाही झोंबलं असतं. म्हणून मी भांडून एक छोटी पाटी मंजूर करून घेतलीय, चौथऱ्याच्या बाजूला, फक्त तुझ्यासाठी. खूश?

आणि एक सांगायचं होतं. मी प्रस्तावात आतोबांबद्दल लिहिलं. सिनेमा लागला आणि वर्षाच्या आत ते समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत, जी बाई पडद्यावर वाट पाहत होती तीच पुढे आयुष्यभर खरी वाट पाहत राहिली. कंपनीच्या मालकांनी ते दोनदा वाचलं म्हणे. त्या एका परिच्छेदावर सगळं मंजूर झालं. तू त्यांच्याबद्दल कधी बोलत नाहीस, पण मला वाटलं, या निमित्ताने त्यांची आठवण दगडात तरी राहील. तो पुतळा नटीचा नाहीच गं. तो तुझाच आहे.

तुझी,
बुटकी

६ फेब्रुवारी

भाचीबाई,

तुमचं पत्र मिळालं. दोन दिवस हातात पेन धरलं नाही, कारण धरलं असतं तर काय लिहिलं असतं देव जाणे.

आयुष्यभर वाट पाहत राहिली? कोणी सांगितलं तुला? मी? माझ्या तोंडून हे वाक्य तू कधी ऐकलंस? लहानपणी रोज पहाटे तुला कडेवर मारून उतारावर न्यायची, ती कोण होती? वाट पाहत बसलेली बाई?

ऐक, काय झालं ते. आतापर्यंत सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तू माझ्या नावाने भलतंच लिहून बसलीस, तर आता खरं वाच.

त्यांची होडी सापडली, उलटी. ते सापडले नाहीत. सिनेमा नुकताच लागलेला, अख्ख्या गावाने बघितलेला. माझ्या दारात माणसं येऊन उभी राहायला लागली. मला वाटलं सांत्वनाला आलीत. नाही गं. बघायला आली होती. लोकांना शेवट माहीत होता ना! नवरा परत आला नाही, म्हणजे आता बाई पाण्यात चालत जाणार. दोन बायका माझ्यावर नजर ठेवायला बसवल्या होत्या, मी न्हाणीत गेले तरी कडी लावू देत नव्हत्या. आणि बाहेर कुजबुज वेगळीच. हिने कॅमेऱ्यापुढे बुडायचं नाटक केलं, समुद्राची थट्टा केली, म्हणून त्याने हिचा माणूस नेला. म्हणजे मीच नेलं त्यांना. तुझी आजी, माझी सख्खी आई, मला म्हणाली, "निदान चार महिने घराबाहेर पडू नकोस, लोकांना बरं दिसत नाही."

तिसऱ्या दिवशी पहाटे मी त्या दोघींना बाजूला सारलं आणि टोपली उचलली. त्या माझ्या मागे बोंबलत आल्या. त्यांना वाटलं, निघाली पाण्यात. मी उतारावर गेले. कोणी माझ्याकडे बघेना. मी वरच उभी, टोपली हातात. मग खालच्या दगडावर बसायची ती बोळकी म्हातारी, तिला ऐकूही कमी यायचं, तिने काही न बोलता ढुंगण सरकवलं. एवढीशी जागा झाली. मी बसले. पहिली होडी टेकली तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता, तर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मी ओरडले.

त्या जागेवर मी आजतागायत बसतेय. आणि तिथे तू एक न हलणारी बाई उभी करून खाली लिहिणार, इथे ती वाट पाहत राहिली. कोळ्याच्या घरात नवरा गेला की बाईने दगड व्हायचं, हे टोपीला वाटलं, ठीक आहे, तो परका होता, दोन महिने राहिला आणि गेला. तू तर घरची.

पाटी नको. पुतळा नको. सवय झाली की आभार मानतात म्हणणाऱ्या तुझ्या साहेबांना सांग, मला राग यायची सवय आहे, ती आधी सोडवा.

आशीर्वाद या वेळी नाहीत.

आत्या

१९ मार्च

प्रिय आत्या,

दीड महिना पत्र लिहिलं नाही. चार-पाच लिहून फाडली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी प्रस्ताव पुन्हा काढून वाचला आणि मला माझीच शिसारी आली. मला कधी कोणी काही सांगितलं नाही हे खरं, पण मी विचारलंही नाही. सिनेमात बघितलं आणि तुझ्यावर चिकटवून टाकलं. त्या दाराशी उभ्या राहणाऱ्या लोकांत आणि माझ्यात फरक काय?

साहेबांकडे गेले. म्हटलं, ते वाक्य काढा, पुतळ्याची जागा बदला. ते म्हणाले, पुतळा ओतून झालाय, चौथरा बांधायला माणसं गेलीत, पत्रिका छापल्यात, आता तुमच्या घरगुती रुसव्याफुगव्यांसाठी सरकारने थांबायचं का? मग दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणाले, तुमची बढतीची फाइल माझ्याच टेबलावर आहे. मी बाहेर आले. तुझ्यासारखं टोपली उचलून जाता आलं नाही मला.

कॅमेरावाले तुझी तक्रार घेऊन आलेत. तू त्यांच्या अंगावर मासळीचं पाणी ओतलंस म्हणतात. खरं का?

उद्घाटन दहा एप्रिलला, सकाळी. कॅमेऱ्यासाठी त्या वेळी उजेड चांगला असतो म्हणे. आत्या, एक विनंती आहे. तू नको येऊस. तुला तिथे बसवून ते भाषणं करतील, तुझ्या तोंडासमोर तुझी कीव करतील, आणि मला बाजूला उभं राहून टाळ्या वाजवाव्या लागतील. ते मला बघवणार नाही.

बुटकी

२६ मार्च

बुटके,

पाणी त्यांच्या अंगावर नाही, पायावर ओतलं. आणि मुद्दाम नाही, टोपली तिथेच रिकामी करतात. अख्खी सकाळ बोलले त्यांच्याशी. बांगड्याचं सांगितलं, वासाचं सांगितलं, शिशाचं सांगितलं. त्यांच्यातला एक दाढीवाला म्हणतो, "हे सगळं मजेशीर आहे हो बाई, पण यजमान गेले तेव्हाचं सांगा ना," आणि कॅमेरा असा जवळ आणला, की माझ्या डोळ्यांतच शिरतो की काय. मी म्हटलं, काय बघताय, पाणी? आणि टोपली उलटी केली. मजा आली.

तुझं पत्र वाचलं. माफ केलं असं नाही म्हणणार, तेवढी मोठी मी नाही. पण राग निम्मा गेला. बढतीचं ऐकून उरलेला साहेबावर वळवला.

चौथरा झाला. आमच्या दगडांवरच बांधलाय, आणि काय गं मजबूत बांधलाय, कंत्राटदाराला नाव ठेवायला जागा नाही. आम्हाला पाटी लावून उठवलंय, दहा तारखेपासून सगळ्यांनी शेडमध्ये बसायचं. बायका बघून आल्या शेड. पंखा फिरतो. माशा त्याच्याबरोबर फिरतात.

तू म्हणतेस येऊ नको. वा! पत्रिकेत माझं नाव छापलंय, प्रमुख पाहुणी म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा कोणी छापलंय. मी येणार. चांगले कपडे घालून, केस विंचरून, वेळेच्या आधी. तूही ये. आणि रडवेला चेहरा करून उभी राहू नकोस, तो आपल्या घरात कोणालाच शोभत नाही.

आशीर्वाद.

आत्या

१४ एप्रिल

प्रिय आत्या,

ऑफिसच्या गाडीत बसवून मला लगेच परत आणलं, तुझ्याशी बोलताही आलं नाही. म्हणून वरच्या बाजूला काय झालं ते ऐक. खालचं तुला माहीतच आहे.

तुझं पत्र वाचून मला वाटलं होतं, तू मानलंस. खरंच वाटलं. थोडं वाईटही वाटलं होतं, म्हटलं, आत्यासुद्धा छापलेल्या नावाला भुलली.

आम्ही पोचलो तर ट्रकवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला पुतळा, क्रेन तयार, दोन बस भरून पाहुणे, बँड. आणि साहेब खाली बघून जागच्या जागी थिजलेले. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले. चौथऱ्यावर तू! नवे कपडे, मांडी घालून, पुढे टोपली, आणि उतारभर बायका, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. साहेब म्हणाले, "यांना सांगितलं नव्हतं का, शेडमध्ये बसायचं?" तेवढ्यात पहिली होडी वळणावर आली. आत्या, कोणाच्याच डोक्यात आलं नाही की आपण निवडलेली वेळ होड्या यायचीच आहे. माझ्यासुद्धा! मी त्या गावात वाढले आणि उजेडाची वेळ बघत बसले. तू उभी राहून अशी हाक मारलीस की बँडवाला वाजवायचा थांबला.

कंपनीचे मालक विचारतात, "हा कार्यक्रमाचा भाग आहे का?" साहेब म्हणतात, "हो, म्हणजे, नाही." मग माझ्याकडे वळून दातओठ खात म्हणाले, "तुमची आत्या आहे ना? उठवा तिला." आणि माईक माझ्या हातात कोंबला.

मी खाली बघितलं. तू माझ्याकडे बघत होतीस, पण डोळ्यांनी काही सांगत नव्हतीस. सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. शेवटी मी माईक तोंडाशी धरला आणि म्हटलं, "पाहुण्यांनी लक्ष द्यावं. ताजी मासळी आलेली आहे. खाली यावं. दगड ओले आहेत, जपून उतरावं."

मग मालकांची म्हातारी आई, ती आधी निघाली. तिच्या मागे सगळे. तुला काही नवीन सांगत नाही, तूच तिला चार बांगडे जास्तीचे घातलेस. मालकांनी दोन मासे शेपटीला धरून लांब हात करून नेले, कोटावर थेंब पडू नये म्हणून, आणि तो दाढीवाला कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे मागे. पुतळा दुपारपर्यंत ट्रकवरच होता. आता तो इथल्या एका मोठ्या हॉटेलच्या बागेत बसवणार आहेत, कारंज्याकडे तोंड करून. चौथरा मात्र तिथेच राहील. तो उखडायचा खर्च कोणी मंजूर करेना. शेड बंद ठेवलीय.

बढतीची फाइल अर्थात गेली. सोमवारी मला कारणे दाखवा नोटीस मिळाली: शासकीय कार्यक्रमात जबाबदार पदावर असताना असं वर्तन का केलंत, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत द्यावा. मी कागद पुढे घेऊन बसते आणि सुचत काहीच नाही. पस्तावले नाहीये, हे आधी सांगते. पण भीती वाटते.

आणि आत्या, एक विचारू? आधी न विचारता लिहिलं, म्हणून या वेळी विचारते. आतोबांची तू खरंच कधीच वाट पाहिली नाहीस?

तुझी,
बुटकी

२२ एप्रिल

माझ्या बुटके,

आशीर्वाद आधी. भरभरून. त्या दिवशी तू माईक हातात घेतलास तेव्हा मी टोपलीची कड धरून ठेवली होती. म्हटलं, ही आता "आत्या, ऊठ" म्हणाली तर मी काय करणार? साहेबाचं मी मुळीच ऐकलं नसतं. तुझं ऐकलं असतं की काय, याचीच धास्ती होती. म्हणून डोळ्यांनी काही सांगितलं नाही. तुला तुझं तुझं ठरवायचं होतं. नंतर तू "दगड ओले आहेत, जपून उतरावं" म्हणालीस आणि शेजारची म्हणते, "तुझ्या तालमीतली दिसतेय." मी म्हटलं, दिसतेय काय, आहेच.

आता तू विचारलंस त्याचं. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं, सगळ्यांनी मला नुसतं सांगितलं. म्हणून तुला खरं सांगते, आणि हे पत्र शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवायचं नाही.

पाहिली गं. पहिलं वर्षभर सकाळी दोघांचा चहा टाकायचे. कळायचं, तरी टाकायचे. आणि दोन्ही कप मीच प्यायचे, ओतून कोण देणार. दाराला कडी लावली नाही कितीतरी दिवस. अजूनही वळणावर होडी दिसली की मी आधी माणसं मोजते आणि मग मासळी बघते. बाकीच्या बायका आधी मासळी बघतात, म्हणून कधीकधी माझ्या आधी हाक मारून जातात. म्हातारी झाले, कान-डोळे गेले असं त्यांना वाटतं. वाटू दे.

पण ती वाट माझी आहे, बुटके. मी टोपली डोक्यावर घेऊन पाहिली, तुझी वेणी घालताना पाहिली, भांडताना पाहिली. वाटेल तेव्हा पाहीन आणि कंटाळा आला की सोडून देईन. तिच्यापुढे बँड वाजवायचा, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे, हे मी कोणालाही करू देणार नाही. माझं दुःख मी लपवलेलं नाही, आणि मांडलेलंही नाही. ते माझ्याबरोबर उतारावर येतं आणि माझ्याबरोबर घरी जातं.

आणि नोटिशीला कसली घाबरतेस? फार तर काय करतील, खुर्ची काढून घेतील. इकडे बसायला जागा आहे, मी सरकेन. सुचत नसेल तर मी सांगते, लिही. त्यांना कारण हवंय ना? लांबण लावू नकोस, विनंती-बिनंती करू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. एकच ओळ लिही आणि खाली सही ठोक: ज्या बाईचा पुतळा बसवायचा होता, ती बाई जागेवरून उठायला तयार नव्हती.

तुझी आत्या